खाल्लं म्हणजे जेवलो नव्हे

३ फेब्रुवारी

विहीणबाईंना नमस्कार.

फोन न करता पत्र लिहिते आहे, कारण फोनवर आपण दोघी एकदम बोलतो आणि शेवटी दोघीही रागाने ठेवून देतो. पत्रात निदान माझं वाक्य पुरं होईपर्यंत तुम्हाला थांबावं लागेल.

तुमच्या जावयाला मागच्या आठवड्यात ऑफिसात चक्कर आली. तुमच्या लेकीने सांगितलं असेलच. किंवा नसेलही, तिला वेळ कुठे असतो. विम्याच्या कचेरीत दिवसभर लोकांचे दावे तपासायचे, कोणाची गाडी ठोकली, कोणाचं छप्पर उडालं, हे वाचून आधीच डोकं फिरतं, आणि वर पोट रिकामं. दुपारी तो बाहेरचं घेतो. मी रोज संध्याकाळी फोनवर विचारते, दुपारी जेवलास का? तो म्हणतो, खाल्लं. विहीणबाई, तुम्ही कोर्टात आयुष्यभर लोकांची बोलणी टिपून घेतलीत, तुम्हाला मी काय शिकवावं. खाल्लं म्हणजे जेवलो नव्हे. चार शेंगदाणे तोंडात टाकले तरी खाल्लंच होतं. माझा मुलगा उपाशी राहतोय आणि आईला वाईट वाटू नये म्हणून शब्द जपून वापरतोय.

गेल्या खेपेला आला तेव्हा शर्टाची बटणं ताणलेली होती. आमचे हे म्हणाले, वजन वाढलंय. ह्यांना काय कळतंय. मी जन्मभर शिवणाचा क्लास चालवला, किती पोटांना टेप लावली असेल. अंगावरचं मांस कुठलं आणि अशक्तपणाची सूज कुठली ते मला नजरेने कळतं. ही सूज आहे.

आता मुद्द्याचं. सूनबाईंना रक्ततपासणीच्या प्रयोगशाळेची मुख्य करणार असं कळलं, आणि मार्चअखेर तिने होकार किंवा नकार कळवायचा आहे म्हणे. अभिनंदन. आत्ता ती उजाडायच्या आत घराबाहेर पडते, मुख्य झाल्यावर बहुधा आदल्या दिवशीच निघेल. तिने नाही म्हणावं असं मला वाटतं. म्हणजे सकाळी घरी राहील आणि नवऱ्याच्या हातात डबा देईल. तुम्ही आई आहात, तुम्हीच समजवा. माझं ऐकेल असं मला वाटत नाही, आणि तुमचं ऐकते असा तुमचा दावा आहे.

तुमची,
मुलाची आई


९ फेब्रुवारी

विहीणबाई, नमस्कार.

तुमची वाक्यं पुरी होईपर्यंत थांबले. एक-दोन तर पुरी झाल्यावरही थांबेनात.

जावईबापूंची चक्कर मला माहीत आहे. गेल्या रविवारी दोघं इथे आले होते तेव्हा ती चक्कर मी आरंभापासून शेवटापर्यंत ऐकली, आणि जेवण झाल्यावर परत ऐकली. माझी लेक अंधारात उठून कामाला जाते तेव्हा तुमचे चिरंजीव कूस बदलत असतात. ते उठतात तेव्हा घरात चूल असते, धान्य असतं, भांडी असतात. भांड्याला पुरुषाने हात लावला तर ते चावत नाही, हे त्यांना लहानपणी कोणी सांगितलं नसावं. तुम्ही सांगायला हवं होतं. आता फार उशीर झाला, म्हणून ते राहू दे.

पण एक गोष्ट मला खटकली. मी लेकीला म्हटलं, होकार कधी देतेस? तर ती म्हणाली, त्याला खरंच त्रास होत असेल तर नाही म्हणेन. हे ती अगदी हळू म्हणाली. या पदासाठी ती किती राबली आहे ते मी पाहिलंय. सणावारी, आजारपणात, कशातही तिने ती प्रयोगशाळा सोडली नाही. आणि एका माणसाला दुपारी काय खावं ते सुचत नाही म्हणून ते सगळं जाणार असेल, तर मी गप्प बसणार नाही.

जावईबापूंचं म्हणणं असं, की ऑफिसजवळ स्वस्त असेल ते घाणेरडं आणि चांगलं असेल ते खिशाला परवडत नाही. ठीक आहे. त्यांचं ऑफिस माझ्या घरापासून बसने जवळ आहे आणि निवृत्त झाल्यापासून मला दुपारी काही काम नसतं. त्यांना रोज घेता येईल असं चांगलं, परवडणारं जेवण त्या भागात मी शोधून दाखवते. सापडलं तर नोकरी, पद आणि डबा हा विषय तुम्ही कायमचा बंद करायचा. आहे कबूल?

मुलीची आई


१५ फेब्रुवारी

विहीणबाईंना नमस्कार.

कबूल. शोधा, खुशाल शोधा. तेवढंच तुमचं फिरणं होईल, गुडघ्यांना बरं.

फक्त मागाहून वाद नको म्हणून सांगून ठेवते. तेल कमी हवं. भाजी त्याच दिवशीची हवी. पोट भरलं पाहिजे, नुसतं डोळ्यांना हिरवं दिसून उपयोग नाही. रोज घेतलं तरी महिनाअखेरीला तोंड लपवायची वेळ येऊ नये. आणि ज्याने केलंय त्याचे हात तुम्ही स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेले असावेत. एवढं सगळं एका ठिकाणी मिळतं त्या जागेला घर म्हणतात, पण तुम्ही शहरातल्या, तुम्हाला दुसरं एखादं नाव माहीत असेल.

त्याला यातलं काही सांगू नका. उगाच आशा लागायची.

मुलाची आई


२७ फेब्रुवारी

विहीणबाई, नमस्कार.

गुडघे उत्तम आहेत. जिभेचं मात्र सांगता येत नाही.

जावईबापूंच्या ऑफिसच्या रस्त्यावर दुपारी जे विकतात त्याला अन्न म्हणायचं असेल तर गवताला जंगल म्हणावं लागेल. कोपऱ्यावर सगळ्या भिंती काचेच्या असलेलं दुकान आहे. तिथे पारदर्शक डब्यात पानं देतात. वर बिया भुरभुरवतात, पाखरांना टाकतात तशा. काउंटरवरच्या मुलीने मला विचारलं, आज तुमचा मूड काय आहे? मी म्हटलं, भुकेचा. तिने आणखी पानं घातली. किंमत ऐकून मी तो डबा परत तिच्या हातात दिला, तर ती म्हणाली, यात आरोग्याचीही किंमत आहे. सशाला हे दिलं असतं तर त्यानेही मालकाला बोलावून घेतलं असतं.

त्याच्या शेजारी तळणाचा गाडा. स्वस्त आहे, रांग मोठी आहे. देताना कागदात गुंडाळून देतात, आणि तुम्ही रस्ता ओलांडेपर्यंत त्या कागदातून पलीकडचं दिसायला लागतं. मी तो कागद तसाच कचऱ्यात टाकला, तरी हात धुवायला साबण शोधावा लागला.

पुढे एक पाटी आहे, 'घरगुती जेवण'. कोणाच्या घरातलं, ते विचारायला मी सरळ आत गेले. आत चूल नाही, पातेलं नाही, कात्री आहे. एक माणूस कात्रीने पाकिटं कापतो आणि गरम पाण्यात बुडवतो. मी म्हटलं, तुमच्या घरी असंच जेवता का? तो म्हणाला, नाही हो, घरी बायको करते. सूपवाल्याकडे गेले, सगळा वाडगा ढवळला, चमच्याला काहीही लागलं नाही. जावईबापूंच्या इमारतीत खाली कँटीन आहे, तिथेही पाहुणी म्हणून शिरले. वाढणाऱ्याने झाकण उचललं, मी विचारलं, हे काय आहे? तो जरा विचार करून म्हणाला, कालचं नाही.

सापडलेलं नाही हे खरं. पण मागच्या गल्ल्या अजून बाकी आहेत. एवढ्यात टाळ्या वाजवू नका.

मुलीची आई


६ मार्च

विहीणबाईंना नमस्कार.

टाळ्या वाजवल्या नाहीत. ह्यांना पत्र वाचून दाखवलं, ते मात्र 'कालचं नाही' या जागी इतके हसले की त्यांना ठसका लागला. मी हसले नाही. माझा मुलगा रोज त्याच रस्त्यावर आहे.

तुम्हाला एक सांगायचं होतं. काल सूनबाईंचा फोन आला होता. म्हणाली, आई, काळजी करू नका, मी नकार लिहून ठेवला आहे, महिनाअखेरीला देऊन टाकते. आवाज शांत होता. मी तिला म्हटलं, शहाणी आहेस. आता तुम्ही गल्ल्या फिरायचं थांबवलंत तरी चालेल. मुलीला तुमच्यापेक्षा लवकर कळलं यात तुम्ही कमीपणा मानू नका.

चिरंजिवांनी शर्ट पाठवलेत, कंबरेला सैल करून द्या म्हणून. विहीणबाई, सूज वाढली आहे. शर्ट उसवताना माझे डोळे भरून आले.

मुलाची आई


१४ मार्च

विहीणबाई,

नमस्कार केला असं समजा, मला थेट मुद्द्यावर यायचं आहे.

जागा सापडली. त्यांच्या ऑफिसच्या मागच्या बाजूला एक अरुंद गल्ली आहे, तिथे पूर्वी गाड्या दुरुस्त करायचं गॅरेज होतं. दोन बहिणी तिथे खिडकीतून जेवण देतात. आत मोठी पातेली, एक डाळीचं, एक भाताचं, त्या दिवशीची एक भाजी आणि दही. मी आत जाऊन दोघींचे हात पाहिले, नखं पाहिली, पाण्याची टाकी पाहिली. धाकटीने विचारलं, काकू, तुम्ही सरकारी माणूस का? मी नाही म्हटलं तर ती निराश झाली. स्वतःचा डबा आणला तर भरून देतात, आणि घेतात ते इतकं माफक की मी दोनदा विचारलं. मग बाहेर खिडकीपाशी उभ्याउभ्या खाल्लं. मला नावं ठेवायची फार इच्छा होती, पण ठेवायला काही सापडेना.

तेवढ्यात थोरली बहीण माझ्या डोक्यावरून मागे बघत आत ओरडली, दुप्पट आले, भात काढ.

मी वळून पाहिलं. जावईबापू. हातात स्टीलचा दोन खणांचा डबा. मी एका धिप्पाड माणसाच्या आड झाले, हे कबूल करते. त्यांनी डबा भरून घेतला, समोरच्या कट्ट्यावर बसले, सगळं संपवलं, बोट फिरवून कडासुद्धा पुसल्या, आणि मग भिंतीला टेकून डोळे मिटले. विहीणबाई, इतका तृप्त माणूस मी कोर्टात कधी पाहिला नाही, सुटलेल्या आरोपींतसुद्धा नाही.

ते गेल्यावर मी थोरलीला विचारलं, हे रोज येतात? ती म्हणाली, खिडकी उघडली त्या दिवसापासून. भाजी कोणतीही असो, भात दुप्पट, म्हणून ते नाव. आणि ती ऑफिसात आली म्हणून सांगितलेली चक्कर? तेही तिला माहीत होतं. त्या दिवशी दुपटीवर आणखी घेतलं, मग टळटळीत उन्हात झोपले, आणि एकदम उठले तर डोळ्यांपुढे अंधारी आली. बहिणींनीच पाणी मारलं.

तर असा हा उपाशी माणूस. बायकोला सांगतो, तिकडे खाण्यासारखं काही मिळत नाही. माझ्यासमोर बसून तेच सांगतो. आणि बायको त्याच्यासाठी पद सोडते आहे, तर सोडू देतो.

मी त्याच संध्याकाळी लेकीकडे गेले. तोंड उघडलं मात्र, ती म्हणाली, आई, तुला तो कधीच आवडला नाही. आणि ते खरं आहे. लग्नाच्या बोलणीच्या दिवसापासून मी त्यांना नावं ठेवत आले. आता मी काहीही सांगितलं तरी ते त्यातलंच एक वाटणार. तुमचं तसं नाही. तुम्ही त्यांच्या बाजूच्या. तुम्ही सांगितलंत तर ती मानेल, आणि दुसरं कोणी सांगून मानणार नाही. तुम्हाला विनंती करायची पाळी माझ्यावर येईल असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं. करते आहे. महिनाअखेर जवळ आली.

मुलीची आई


१८ मार्च

विहीणबाई,

दुप्पट. माझ्या मुलाला गल्लीतल्या बायका दुप्पट म्हणतात, आणि तुम्ही आडून उभं राहून ते ऐकता, आणि पुन्हा मला लिहून कळवता. शोभतं का तुमच्या वयाला?

तुम्ही दुसऱ्याच कोणाला तरी पाहिलंत. नाहीतर पैज हरत होतात म्हणून ही गोष्ट रचलीत. कोर्टात खोट्या साक्षी ऐकून ऐकून माणसाला सवय लागत असेल. माझा मुलगा मला रोज सांगतो, खाल्लं. तो जेवत असता तर जेवलो म्हणाला असता. माझ्याशी तो खोटं बोलणार नाही.

यापुढे पत्र पाठवू नका.

मुलाची आई


२१ मार्च

विहीणबाई,

नको म्हणालात, म्हणून हे शेवटचं आणि लहान.

तो तुमच्याशी खोटं बोलत नाही, यावर माझा विश्वास आहे. पण कोर्टात मी एक पाहिलं. प्रश्नच चुकीचा असला, तर उत्तर खरं असूनही कामाचं नसतं. आज फोनवर जेवलास का, असं विचारू नका. पोट भरतं का रे दुपारी, एवढंच विचारा. आणि तो पहिला शब्द काय बोलतो ते ऐका.

मुलीची आई


२ एप्रिल

विहीणबाईंना नमस्कार.

पत्र पाठवू नका म्हटलं होतं आणि आता मीच लिहिते आहे. यावर तुम्हाला जे बोलायचं असेल ते मनात बोला.

तुमचं पत्र आलं त्या संध्याकाळी मी विचारलं, पोट भरतं का रे दुपारी? तो म्हणाला, का? मुलगा उपाशी असता तर 'का?' असं म्हणाला नसता. मी फोन ठेवला आणि ह्यांना म्हटलं, माझी बॅग भरा.

गाडीत बसल्यावर मला आठवलं. तो शाळेत असताना शेजाऱ्यांकडे जेवून आला आणि त्यांच्या हाताची फार वाखाणणी केली. मला इतका राग आला होता. मी त्याला बजावलं, घरी जेवतात, बाहेर खातात. आमच्या घरात तेव्हापासून तसंच बोलतात, आमचे हेसुद्धा. बाहेर कितीही पोटभर झालं तरी ते खाणंच. म्हणजे तो रोज मला खरं सांगत होता. माझाच शब्द होता, आणि त्याचा अर्थ मीच विसरले होते. पण तो विसरला नव्हता विहीणबाई. मी त्या शब्दावर काय काय समजून बसते आहे, ते त्याला पुरतं माहीत होतं, आणि त्याने एकदाही मला दुरुस्त केलं नाही.

मी पोचले तेव्हा सूनबाई नुकत्याच कामावरून आल्या होत्या. पायांत चपला तशाच, टेबलापाशी बसून कसली तरी भाजी निवडत होत्या. हा माझ्या अचानक येण्याने खूष झाल्याचं दाखवत होता. मी म्हटलं, शर्ट सैल करून आणलेत, आधी माप घेते. त्याने हसत हात वर केले. मी टेप लावली. विहीणबाई, सूज बोट लावलं की दबते. ही दबेना. हे मला शर्ट उसवतानाच कळायला हवं होतं, क्लासमधल्या कुठल्याही पोरीला कळलं असतं. टेप हातात धरूनच मी विचारलं, भात अजून दुप्पटच घेतोस ना?

तो आधी हसला. मग माझं तोंड बघून हसणं थांबलं. तुमची सगळी पत्रं मला तोंडपाठ झाली आहेत, त्यामुळे खिडकी, बहिणी, कट्टा, सगळं मी त्याच्यापुढे मांडलं. मी साक्ष दिली म्हणा. सूनबाईंचे निवडणारे हात तेवढे थांबले. तो म्हणाला, आई, तू त्या बाईचं ऐकून आलीस. म्हणजे तुमचं. मी म्हटलं, हो, त्या बाईचंच. खोटं आहे का? यावर त्याला राग आला. ऑफिसात लोक विचारतात म्हणे, बायको साहेब झाली की तू काय करणार. मग मनातलं बोलला.

"ती मुख्य झाली की या घरात मी कोण?"

मी म्हटलं, "आत्ता कोण आहेस?"

हे मी माझ्या मुलाला म्हटलं. लहानपणी त्याच्या बोटाला सुई टोचली तर मला झोप यायची नाही. त्याच्या वीतभर शर्टापासून आजच्या शर्टापर्यंत सगळे मी शिवले. आणि त्या क्षणी मला त्याची किळस आली, ती मी लपवली नाही.

मग सूनबाई त्याच्याकडे न बघता म्हणाल्या, "तू उपाशी आहेस म्हणून माझ्या घशाखाली दुपारी घास उतरत नव्हता. मी प्रयोगशाळेच्या कँटीनमधलं ताट तसंच परत करायचे." तो म्हणाला, मी कुठे तुला उपाशी राहा म्हटलं होतं? मी टेप गुंडाळली.

तुम्हाला हवं होतं ते झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी सूनबाईंनी लिहून ठेवलेला नकार फाडला आणि होकार देऊन आल्या. तुम्ही पैज जिंकलात, विषय मी बंद केला. त्या तुम्हाला अजून फोन करणार नाहीत, थोडे दिवस जाऊ द्या. तुम्ही खरं सांगत होतात, हे त्यांना आता कळलंय, आणि तेच त्यांना जड जातंय.

मी आणखी थोडे दिवस इथेच आहे. काल तिघं जेवायला बसलो होतो. त्याने नेहमीसारखा भात दुसऱ्यांदा मागितला. सूनबाईंनी वाढला. वाढताना त्यांनी त्याच्याकडे पाहिलं, फक्त क्षणभर. विहीणबाई, ती नजर मी ओळखते. लग्नाच्या बोलणीपासून तुम्ही माझ्या मुलाकडे तसंच पाहत आला आहात, आणि मी त्यासाठी तुमचा इतकी वर्षं राग केला. तुम्ही बघत होतात तेव्हा मला वाटायचं, बघू दे, बायको तर त्याची माणूस म्हणून कदर करते. आता ती नजर त्याच्या बायकोची आहे. त्याला ती दिसली की नाही कोण जाणे, तो खाली मान घालून जेवत होता. मला दिसली. मला फार वाईट वाटलं, आणि तरी मी मध्ये पडले नाही.

तुमची,
मुलाची आई